सायलेन्सर गंजून फुटला तर: आधी धड पत्रा शोधा, मग भोक बुजवा

भर पावसाळ्यात बेळगावाहून चोर्ला घाटामार्गे गोव्याला निघालो होतो. गाडीचा सायलेन्सर आधीच फुटलेला, पण निघायच्या आदल्या आठवड्यात बेळगावात एका ठिकाणी त्यावर पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घेतला होता. जांबोटी सोडल्यावर तो तुकडा सुटला. आवाज वाढला, पण बाहेर मुसळधार पाऊस, काचा बंद. गोवा गाठू आणि मग बघू, असं ठरवून आम्ही पुढे गेलो. कणकुंबीच्या अलीकडे मागच्या सीटवरची आई म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय. आम्हाला वाटलं, वळणं लागली असतील. गाडी बाजूला घेतली, दारं उघडली, ती छत्री घेऊन दहा-पंधरा मिनिटं फिरली आणि तिला बरं वाटलं. परत गाडीत बसली आणि थोड्याच अंतरात पुन्हा तेच. तेव्हा लख्ख कळलं की हा घाटाचा त्रास नव्हे, हा धूर आहे. चारही काचा उघड्या ठेवून, भिजत, तसेच माघारी आलो.

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि ती गाडी लागण्यासारखीच दिसतात. मोकळ्या हवेत बरं वाटतं आणि गाडीत बसलं की पुन्हा सुरू होतं, असं झालं तर आधी गाडीखाली बघा. सायलेन्सर फुटला म्हणजे नुसता आवाज वाढला, असं समजून महिनोन्महिने गाडी चालवणारे लोक मी आपल्या भागात खूप पाहिलेत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी खाली वाकून सुटलेला तुकडा हातात घेतला आणि मला दाखवला. वेल्डिंगचा टाका जागच्या जागी होता. टाक्याच्या कडेला जुन्या पाइपचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटून आला होता. ते म्हणाले, "टाका कुठं सुटलाय ओ? पत्राच सुटलाय की." या दुरुस्तीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आपल्याला दिसतं ते भोक, पण दुरुस्ती टिकते ती भोकाभोवतालच्या धड पत्र्यावर. तो पत्रा कुठे सुरू होतो हे आधी शोधायचं, आणि काय करायचं ते त्यानंतर ठरवायचं.

गंज आतूनही लागतो

बाहेरून चिखल आणि पाणी लागून पाइप गंजतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बरेच सायलेन्सर आतून बाहेर सडत येतात. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे ढोबळमानाने एक लिटर पाणी. सकाळी गाडी सुरू केल्यावर मागच्या नळीतून थेंब गळतात ते हेच पाणी. गाडी लांब पळाली तर पाइप तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. टिळकवाडीहून खडेबाजारपर्यंत जायचं, भाजी घेऊन परत यायचं, एवढाच गाडीचा रोजचा वापर असेल तर सायलेन्सर पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. सायलेन्सरचा मागचा डबा इंजिनापासून सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात थंड. तोच आधी जातो.

खानापूर तालुक्यातला तांबडा चिखल आणि चिकोडी-अथणीकडची काळी माती, दोन्ही पाइपावर लिंपून बसतात आणि ओल धरून ठेवतात. पाइप आणि वरचा उष्णतारोधक पत्रा यांच्यामध्ये अडकलेली माती तर पावसाळा संपल्यावरही लवकर वाळत नाही. गोव्याला वारंवार जाणाऱ्यांच्या गाडीला खारी हवा लागते, तो भाग वेगळाच.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या डब्याला खालच्या बाजूला एक बारीक गोल छिद्र कारखान्यातूनच दिलेलं असतं. आतलं पाणी निघून जावं म्हणून ते असतं. त्यातून थेंब पडतात, थोडा धूरही येतो. ती गळती नव्हे. ते बुजवलं तर डबा आणखी लवकर सडेल.

गळती कुठे आहे ते शोधणं

गाडी पूर्ण गार असताना, सकाळच्या पहिल्या स्टार्टला बघा. जोड आणि बारीक भेगा गरम झाल्यावर फुगून थोड्या बंद होतात, मग सापडत नाहीत. जागा मोकळी हवी. शटर लावलेलं गॅरेज किंवा तीन बाजूंनी बंद पोर्च चालणार नाही. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि गाडी जमिनीवरच असू द्या, जॅकवर नको.

इंजिन सुरू झालं की जोडीदाराला जाड ओलं फडकं मागच्या नळीच्या तोंडावर दोन-चार सेकंद दाबायला सांगा. त्याने नळीच्या सरळ मागे न थांबता बाजूला उभं राहायचं. सगळं धड असेल तर फडक्यावर जोर येतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. कुठे भोक असेल तर गाडीच्या बाजूला वाकून ऐकणाऱ्याला 'फस्स' असा आवाज त्या जागेवरून येतो. पुढे बॉनेटखालून गार असताना 'टिकटिक' असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो कमी होत असेल, तर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पहिल्या पाइपाला, तडा गेलाय किंवा त्याचं पॅकिंग गेलंय.

इंजिन चालू न करताही गळती शोधता येते, आणि मला ही पद्धत जास्त आवडते. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला हवा फेकायची सोय असेल तर त्याची नळी सायलेन्सरच्या तोंडात फडक्याने घट्ट बसवा. मग जोडांवर, डब्याच्या शिवणीवर, पाइपाच्या वळणांवर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे फुगतील तिथे गळती. धुराचा धोका नाही, चटका बसायचा प्रश्न नाही, आणि सावकाश बघता येतं.

याखेरीज डोळ्यांनी दिसणारी खूण म्हणजे काजळी. जोडाभोवती किंवा भेगेच्या कडेला काळा पट्टा उमटलेला असतो.

धड पत्रा कुठे सुरू होतो

भोक सापडलं की लगेच पेस्ट उघडू नका. एक छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. डोळ्यांवर चष्मा लावा, कारण गंजाचे पापुद्रे सरळ तोंडावर पडतात. भोकापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर हलके ठोके मारत जा. धड पत्रा 'टण' वाजतो. सडलेला पत्रा 'बद' असा, ओल्या मडक्यासारखा वाजतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत घुसलं तर तो भाग गेलाच. असं पुढे सरकत जिथे आवाज स्वच्छ होतो तिथे खडूने रेघ मारा, दोन्ही बाजूंना. माझ्या पाइपाला भोक होतं करंगळीच्या टोकाएवढं. रेघा पडल्या त्या वीतभर अंतरावर. आधीच्या वेल्डिंगचा तुकडा या दोन रेघांच्या पार आत लावलेला होता.

रेघांमधलं अंतर चार-पाच बोटं असेल आणि पाइप सरळ असेल तर काम घरी होण्यासारखं आहे. वीतभर असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पाइप घालावा लागेल. मागच्या डब्याची शिवण किंवा टोकाची झाकणंच सडली असतील तर दुरुस्तीत पैसे घालवू नका, डबा बदला. गार डबा हाताने थोपटल्यावर आत खडखड वाजत असेल तर आतल्या जाळ्या सुटल्या आहेत. तिथेही तोच निर्णय.

काही जागांना घरी हातच लावू नये असं माझं ठाम मत आहे. मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा), धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आजूबाजूचा पाइप आणि जाळीदार लवचीक तुकडा. मॅनिफोल्डचा गंजलेला स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला तर इंजिनाचं हेड उतरवण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि मायलेज घसरतं. तिथे अर्धवट ठिगळ चालत नाही. लवचीक तुकडा तर इंजिनाबरोबर सतत हलत असतो, त्यावर पट्टी टिकणारच नाही. तो कापून नवा जोडून घ्यावा. बीएस-६ डिझेल गाडीत पुढच्या भागात काजळी जाळायचा फिल्टरही असतो, त्या भागालाही घरी हात नको.

गाडीखाली जाण्याआधी

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक चाक बदलण्यापुरता. खाली शिरायचं तर लोखंडी स्टँड लावूनच, आणि सपाट काँक्रीटवर. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात, चार चिरे रचले आणि गाडी टेकवली असं सर्रास चालतं. जांभ्याचा चिरा भार घेतो घेतो आणि न सांगता फुटतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. पावसात भिजलेल्या मातीत जॅकचा तळ खचतो, म्हणून मातीच्या अंगणात हे काम नको. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. स्टँड लावल्यावर, खाली जाण्याआधी, गाडी हाताने जोरात हलवून बघा.

गाडी रात्रभर गार झालेली असू द्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालू गाडीत चारशे अंशांच्या वर तापतो आणि बराच वेळ तापलेला राहतो. लांबून आल्या आल्या पाइपाला हात लावून भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत.

नट सोडवणं, म्हणजे अर्धं काम

गंजलेले नट घाईने सोडवायला गेलं की बोल्ट तुटतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारा, तासाभराने पुन्हा मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना लावा. दोन तोंडी उघडा पाना नटाचे कोपरे खातो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, 'कट्' असा आवाज आला की मग सोडवा. थोडा सुटला, अडकला, की परत थोडा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडवा. असं पुढेमागे करत काढलेला बोल्ट सहसा तुटत नाही.

तरी अडलाच तर घरी ज्योत लावू नका. पेट्रोलची टाकी आणि नळ्या हातभर अंतरावर असतात. घरी असाल तर हॅकसॉ ब्लेडने नट कापा. ग्राइंडरच्या ठिणग्याही गाडीखाली नकोत. रबरी हँगर काढताना त्यांना साबणाचं पाणी लावा, सहज निघतात. भेगा पडलेले असतील तर तेव्हाच नवे आणा. सायलेन्सर लोंबकळला की सगळा भार जोडांवर येतो आणि चांगला पाइपही वाकून तुटतो.

घरी करण्यासारखी दुरुस्ती

बारीक छिद्र असेल किंवा जोडातून थोडा धूर येत असेल तर सायलेन्सर पेस्ट पुरते. घरात नळाला लावतो ती साधी इपॉक्सी नको, ती उष्णतेने मऊ पडून सुटते. सायलेन्सरच्या बहुतेक पेस्टमध्ये सोडियम सिलिकेट असतं आणि ती तापल्यावर दगडासारखी कडक होते. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. पेस्टच्या डब्यावर सांगितलं असेल तर जागा पाण्याने किंचित ओली करा, पेस्ट आत दाबून भरा आणि डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. लावल्या लावल्या गाडी तापवली तर तिच्यातलं पाणी उकळतं, फोड येतात आणि पेस्ट जाळीदार होते. ही पेस्ट ठिसूळ असते. रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकावर ती एकटी टिकत नाही.

मोठ्या भोकावर पत्रा आणि पट्टी. ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा इथे चांगला कामी येतो. तो पूर्ण धुवून वाळवा, आणि खडूच्या दोन्ही रेघांच्या बाहेर किमान पाच सेंटिमीटर जाईल एवढा तुकडा कापा. कडा कानसीने मारून घ्या, हात कापतो. घासलेल्या जागेवर पेस्टचा पातळ थर द्या, त्यावर पत्रा पाइपाभोवती दीड फेरा गुंडाळा आणि शेवटची कड शक्यतो वरच्या बाजूला येऊ द्या. त्यावर सायलेन्सरची काचतंतूची पट्टी, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवत, ताणून गुंडाळा. दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. ते क्लॅम्प धड पत्र्यावरच बसले पाहिजेत. सडलेल्या भागावर आवळलात तर पाइप दबून आत जातो. रुंद पट्टीचा क्लॅम्प मिळाला तर तोच घ्या. यू-क्लॅम्प पाइपाला खाच पाडतो आणि नंतर जोड सुटता सुटत नाही. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

मग गाडी मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवा. पट्टीतून धूर आणि उग्र वास येईल, तो पट्टी कडक होतानाचा आहे. त्या वेळी गाडीत कुणी बसू नये. ही सोय काही महिन्यांची समजा. पावसाळा निघेल, पण पुढच्या पावसाळ्याआधी पक्कं काम करून घ्या.

वेल्डिंगवाल्याकडे काय सांगायचं

उद्यमबाग, मच्छे, निपाणी, संकेश्वर, कुठेही जा, वेल्डिंगला कुशल हात आपल्या भागात कमी नाहीत. फक्त काम काय हवं ते आपण नेमकं सांगावं लागतं. "एक टाका मारा" म्हटलं की एक टाकाच मिळतो.

पहिलं म्हणजे पाइप उतरवून वेल्डिंग करायला सांगा. कारण गाडीखाली जवळच टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकचे होज, वायरी असतात, आणि सीएनजीच्या गाडीत शिवाय सिलिंडर. पाइप नीट जुळावा म्हणून उतरवण्याआधी जोडांवर आडव्या खुणा करा. जागेवर दोन-तीन ठिपके मारणं अगदीच भाग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा, नळ्या-वायरींवर ओलं जाड फडकं टाका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. सीएनजीच्या गाडीत तेही नको.

दुसरं, सडलेला भाग रेघेवर कापून काढायला लावा आणि मधे नवा पाइप घाला. वरून तुकडा चिकटवू देऊ नका. पाइपाचं माप व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, घ्या, अंदाजाने नको. नवा पाइप एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, किंवा स्टेनलेसचा असावा. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पाइप नको. वेल्डिंग करताना त्या जस्ताचा पांढरा धूर मिस्त्रींच्या छातीत जातो आणि रात्री थंडीताप भरतो. त्यांच्या तब्येतीसाठी तरी हे सांगा.

तिसरं, पाइपाचा पत्रा पातळ असतो. साध्या आर्क वेल्डिंगच्या जाड रॉडने त्याला नवी भोकं पडतात. सीओटू वेल्डिंग, म्हणजे बारीक तारेचं मशीन असेल तिथेच जा. ०.८ मिलिमीटरची तार या कामाला बरोबर बसते. आधी चार बाजूंना ठिपके, मग समोरासमोर थोडं थोडं, असं गेलं की पाइप वाकत नाही. टाका गार झाला की ब्रशने साफ करून उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारून घ्या. साधा रंग पहिल्याच फेरीत जळून जातो.

कुणी "कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घालतो, पिकअप वाढेल" म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते बेकायदा आहे, आणि एमिशन टेस्टला गाडी अडकू शकते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, म्हणून जुन्याला भंगारातही चांगली किंमत येते. तो खरोखर खराब होऊन बदलावाच लागला तर जुना मागून घ्या.

बसवताना आणि नंतर

जुनं पॅकिंग परत वापरू नका, मग ते बाहेरून कितीही चांगलं दिसो. स्प्रिंगच्या बोल्टचा जोड असेल तर स्प्रिंग पूर्ण दाबून टाकू नका, तिला हलायला जागा हवी. नव्या बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, पुढच्या वेळी ते हाताने सुटतील. सगळे जोड आधी ढिले बसवून, हँगर लावून, पाइप सरळ आला की मगच पुढून मागे आवळत या. टाकी, तळ आणि ब्रेकच्या नळीपासून दोन बोटांचं अंतर सगळीकडे राहिलं पाहिजे.

मग पुन्हा तीच ओल्या फडक्याची परीक्षा, गार स्टार्टला. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, गाडी गार असताना, क्लॅम्पचे नट एकदा आवळून घ्या. पहिल्या तापण्या-गार होण्यात ते थोडे ढिले पडतातच.

आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग पळवा. बेळगावाहून संकेश्वरच्या दिशेने हायवेने जाऊन या, आतलं पाणी उडून जाईल. पावसाळा संपला की खालून पाण्याच्या जोराने माती काढून घ्या, उष्णतारोधक पत्र्याच्या आतलीसुद्धा. मळणीच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेल्या काडांवरून गाडी गेली असेल तर पुढे मोकळ्या जागी थांबून खाली वाकून बघा. कन्व्हर्टरला गुंडाळलेलं वाळलेलं काड पेटू शकतं. आणि मागच्या डब्याचं ते बारीक छिद्र चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. मी दर अमावस्येला गाडी धुतो तेव्हा हे करतो. गेल्या पावसाळ्यात तिथून तार काढताच वाटीभर तांबूस पाणी खाली पडलं.